चार्जर शेवटी घ्या, आधी पाइप टाका: दुकान, हॉटेल, लॉजवाल्यांसाठी ईव्ही चार्जिंगचं नियोजन



हायवेला प्लॉट, हॉटेल किंवा चार गाळे असलेला माणूस हल्ली भेटला की दहा मिनिटांत विषय चार्जिंग स्टेशनवर येतो. "सर, टाकू का?" असा थेट प्रश्न असतो. कोणाला मोबाइलवर जाहिरात आलेली असते, कोणाला मेहुण्याने सांगितलेलं असतं, कोणाच्या हातात कंपनीचं रंगीत पत्रक असतं आणि त्यावर महिन्याच्या कमाईचा आकडा ठळक छापलेला असतो.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. आपल्यासारख्या तालुक्याच्या गावात, म्हणजे मोहोळ, टेंभुर्णी, कुर्डुवाडी, मंगळवेढा अशा ठिकाणी, चार्जिंगची तयारी आज प्रत्येक व्यावसायिक जागेत व्हायला पाहिजे. पण तयारी करणं आणि चार्जर विकत घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तयारीला थोडे पैसे लागतात आणि ते वाया जात नाहीत. चार्जरला लाखो लागतात आणि तो चुकीच्या जागी बसला तर हप्ता पाच वर्षं तुमच्या मानगुटीवर बसतो. म्हणून क्रम असा ठेवा: आधी ग्राहक बघा, मग वीज बघा, मग पाइप टाका आणि चार्जर सगळ्यात शेवटी.

मी मोहोळमध्ये इलेक्ट्रिकल साहित्याचं दुकान चालवतो. वायर, स्विच, केबल विकणं हा माझा धंदा आहे. त्या हिशोबाने मी "टाका, टाका" म्हणायला पाहिजे. तरीही "थांबा" का म्हणतोय ते वाचा.

पहिला प्रश्न: गाडी तुमच्याकडे किती वेळ उभी राहते?

पेट्रोल पाच मिनिटांत भरतं, त्यामुळे पेट्रोल पंपावर ग्राहक किती वेळ थांबतो हे कुणी बघत नाही. चार्जिंगमध्ये सगळा खेळ थांबण्याच्या वेळेचा आहे. एक साधा हिशोब डोक्यात ठेवा. इलेक्ट्रिक कार एका युनिटमध्ये साधारण सहा-सात किलोमीटर जाते.

साध्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर कारला तासाला तीन युनिट मिळतात, म्हणजे वीस किलोमीटर. ७.४ किलोवॅटच्या एसी चार्जरवर, गाडी तेवढं घेत असेल तर, तासाला सात युनिट, म्हणजे पंचेचाळीस किलोमीटर. ३० किलोवॅटच्या डीसी फास्ट चार्जरवर अर्ध्या तासात पंधरा युनिट, म्हणजे नव्वद-शंभर किलोमीटर.

आता हे आकडे आपापल्या जागेला लावून बघा.

लॉजवर पाहुणा रात्री नऊला येतो आणि सकाळी सहाला निघतो. नऊ तास. ७.४ किलोवॅटचा साधा एसी चार्जर एवढ्या वेळात साठ युनिटच्या वर देऊ शकतो. टाटा टियागो ईव्हीची बॅटरी १९ ते २४ युनिटची, नेक्सॉन ईव्हीच्या मोठ्या मॉडेलची ४५ युनिटची. म्हणजे रात्रीत गाडी फुल्ल. लॉजवाल्याला फास्ट चार्जरची गरजच नाही. पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोटला जाणारं कुटुंब मुक्कामाची जागा शोधताना "चार्जिंग आहे का?" असं विचारायला लागलं आहे आणि त्याचं उत्तर एका छोट्या चार्जरने देता येतं. मंगल कार्यालयाचंही तसंच. लग्नाला आलेली गाडी चार-पाच तास उभीच असते.

हायवेच्या हॉटेलवर जेवणाला चाळीस मिनिटं, चहाला वीस मिनिटं. इथे एसी चार्जरचा उपयोग नाही, जेवण होईपर्यंत तीस किलोमीटरसुद्धा पदरात पडत नाहीत. इथे लागलाच तर डीसी फास्ट चार्जर लागतो आणि खरा पैशाचा प्रश्न इथेच सुरू होतो. त्याकडे पुढे येतो.

बाजारपेठेतलं कापड दुकान, किराणा, मेडिकल, दवाखाना. ग्राहक अर्धा-एक तास थांबतो आणि बहुतेक स्कूटरवर येतो. स्कूटरबरोबर मिळणारा चार्जर साधारण पाऊण किलोवॅटचा असतो. तुम्ही कितीही भारी सॉकेट दिलं तरी स्कूटर तेवढीच वीज घेणार. तासाभरात वीस-पंचवीस किलोमीटर. पण पेनूर किंवा कुरूलहून आलेल्या माणसाची स्कूटर घरी रात्रभर चार्ज झालेली असते आणि तो जाऊन-येऊन आरामात घरी पोहोचतो. त्याला तुमच्या सॉकेटची गरज क्वचितच पडणार. म्हणून बाजारातल्या दुकानदाराने चार्जिंगमधून कमाई होईल ही आशा धरू नये. एक-दोन चांगली सॉकेट सोय म्हणून ठेवा, जसं आपण उन्हाळ्यात दुकानासमोर पाण्याचा माठ ठेवतो.

मग गावात खरी गरज कोणाला? ज्याची गाडी हेच त्याचं पोट आहे त्याला: इलेक्ट्रिक रिक्षावाला, मालाची तीनचाकी चालवणारा, घरपोच डिलिव्हरी देणारा पोरगा. चिंचोली एमआयडीसीत शिफ्टला जाणारा कामगार, ज्याची गाडी आठ तास एका जागी उभी असते. वरच्या मजल्यावर भाड्याने राहणारा नोकरदार, ज्याला खाली प्लग मिळत नाही. ही माणसं रोज येणारी गिऱ्हाइकं आहेत आणि त्यांना लागतो तो साधा, सुरक्षित, स्वस्त पॉइंट. छोट्या उद्योजकाला आज कुठे संधी असेल तर ती इथे आहे, पण पत्रकात ही माणसं छापलेली नसतात.

दुसरा प्रश्न: वीज आहे का?

आज घरी गेल्यावर महावितरणचं बिल काढा आणि त्यावर "मंजूर भार" काय लिहिलाय तो बघा. बऱ्याच दुकानांचा दोन-तीन किलोवॅट असतो. एक १५ अँपिअरचा कार पॉइंट एकटाच तीन किलोवॅटच्या वर ओढतो. म्हणजे एसी, फ्रीज चालू असताना एक कार लावली की तुम्ही मंजूर भाराच्या बाहेर.

आता फास्ट चार्जरचं बघा. आपल्याकडे रस्त्याकडेची डीपी बऱ्याचदा ६३ किंवा १०० केव्हीएची असते. शंभरच्या डीपीवर साधारण नव्वद किलोवॅट निघतात आणि त्यावर आधीच घरं, दुकानं, एखादी पिठाची गिरणी असते. तिथे ६० किलोवॅटचा चार्जर मागितला तर त्या डीपीचा दोन तृतीयांश तुम्ही एकटेच मागताय. अधिकारी "नवी डीपी लागेल" म्हणणार आणि त्यात त्यांचं काही चूक नाही. नवी डीपी, केबल, खांब हा खर्च कोणाचा, हे चार्जरच्या पत्रकात लिहिलेलं नसतं. चार्जरच्या किमतीचं कोटेशन तुम्हाला दोन तासांत मिळतं. विजेच्या खर्चाचं कोटेशन मिळाल्याशिवाय त्या कोटेशनवर सही करू नका.

नियमांची बाजू मात्र आपल्या बाजूने आहे, ती माहीत पाहिजे. चार्जिंग स्टेशन चालवायला वीज विक्रीचा परवाना लागत नाही. १३ एप्रिल २०१८ ला केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने स्पष्ट केलं की चार्जिंग ही सेवा आहे, वीज विक्री नाही. महाराष्ट्रात वीज नियामक आयोगाने २०१८ सालीच चार्जिंग स्टेशनसाठी वेगळा वीजदर वर्ग केला. म्हणून लोकांच्या गाड्या पैसे घेऊन चार्ज करणार असाल तर त्यासाठी वेगळं कनेक्शन, वेगळा मीटर घ्या. दुकानाच्या मीटरवरून गुपचूप चालवू नका. दर चुकतो, हिशोब चुकतो आणि पाहणीत सापडलात तर दंड भरावा लागतो.

केंद्राच्या सप्टेंबर २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत कनेक्शनची मुदतही दिली आहे: महानगरात ३ दिवस, इतर नगरपालिका हद्दीत ७ दिवस, ग्रामीण भागात १५ दिवस. नवी लाइन किंवा डीपी टाकायची असेल तर जास्त वेळ लागतो, पण अर्ज करताना ही मुदत तुम्हाला माहीत असली की बोलणं सोपं जातं. त्याच तत्त्वांत आपल्या कामाची आणखी एक गोष्ट आहे. सकाळी ९ ते दुपारी ४ या उन्हाच्या वेळेत चार्जिंगची वीज स्वस्त आणि बाकीच्या वेळेत महाग, असं तत्त्व ठेवलं आहे. हायवेच्या हॉटेलची जेवणाची गर्दी नेमकी ११ ते ३ असते. म्हणजे तुमच्या गर्दीची वेळ आणि स्वस्त विजेची वेळ एकच. प्रत्यक्ष दर आणि स्थिर आकार किती ते मात्र सब-डिव्हिजन ऑफिसला जाऊन लेखी घ्या आणि मगच हिशोब मांडा.

तिसरा प्रश्न: हप्ता कोण भरणार?

बीबीएला ब्रेक-इव्हन शिकवतात तेव्हा पोरं झोपतात. इथे तेच कामाला येतं. खालचे आकडे मी समजण्यासाठी धरलेत, तुमच्या कोटेशनप्रमाणे ते बदला.

समजा ३० किलोवॅटचा चार्जर, केबल, शेड, सिव्हिल काम मिळून १० लाख लागले. २ लाख तुमचे, ८ लाख बँकेचे, ११ टक्क्यांनी, ५ वर्षांसाठी. हप्ता येतो महिन्याला साधारण १७,४०० रुपये.

आता कमाई. विजेचं बिल, जीएसटी, ॲपवाल्याचं कमिशन सगळं जाऊन युनिटमागे ५ रुपये उरतात असं धरू. एक गाडी २० युनिट घेते, म्हणजे गाडीमागे १०० रुपये. रोज तीन गाड्या आल्या तर दिवसाला ३००, महिन्याला ९,०००. हप्ता आहे १७,४००. नुसत्या हप्त्यासाठी रोज सहा गाड्या पाहिजेत, महिन्याचे तीसही दिवस. दुरुस्ती, नेट बंद, वीज गेली, वळवाच्या पावसात फिडर ट्रिप झाला, हे सगळं वेगळं.

जीएसटीचंही लक्षात ठेवा. चार्जरवर आणि गाडीवर ५ टक्के आहे (ऑगस्ट २०१९ पासून), पण चार्जिंगच्या सेवेवर १८ टक्के. तुमच्या दुकानाचं जीएसटी रजिस्ट्रेशन आधीच असेल तर चार्जिंगच्या पैशावरही तो लावावाच लागेल. "युनिटला एवढे मिळतात" असं कोणी म्हणालं तर "जीएसटी धरून की सोडून?" हा प्रश्न विचाराच.

आता याच हिशोबाची दुसरी बाजू बघा. चार्जिंगला थांबलेल्या गाडीत चार माणसं असतील, ती जेवतील आणि त्या जेवणातून तुम्हाला समजा २०० रुपये उरतील. तीन गाड्यांचे ६०० रुपये रोज, महिन्याला १८,०००. चार्जिंगचे ९,००० मिळवले की २७,०००. आता हप्ता निघतो आणि वर काही राहतं! पण एक अट आहे. ही गाडी केवळ चार्जरमुळे आलेली असली पाहिजे. जी तशीही तुमच्याकडे जेवायला येणार होती, तिचं जेवण चार्जरच्या खात्यात धरायचं नाही.

यातून माझा नियम निघतो. हॉटेल असेल तर चार्जर जेवण विकायला मदत करतो. रिकामा प्लॉट असेल तर चार्जर एकटा उन्हात उभा राहतो. रिकाम्या प्लॉटवर कर्ज काढून चार्जर टाकू नका. तिथे सावली नाही, संडास नाही, चहा नाही, आणि गाडीवाल्याला अर्धा तास काढायचाय बायका-पोरांना घेऊन. आपल्याच तालुक्यात लांबोटीला बघा. तिथे गाड्या चिवड्यासाठी थांबतात. ज्याच्याकडे थांबायला असं कारण आहे त्याने चार्जरचा विचार करावा. कारण नसेल तर आधी ते तयार करा.

आपल्या रस्त्याचा स्वभाव ओळखा

पुणे-सोलापूर हायवे पाटस, सरडेवाडी, वरवडे, सावळेश्वर अशा टोलनाक्यांवरून येतो. पुण्याहून निघालेला माणूस मोहोळला येईपर्यंत दोनशे किलोमीटरच्या पुढे आलेला असतो. त्याची बॅटरी उतरलेली असते हे खरं. पण सोलापूर फक्त पस्तीसेक किलोमीटरवर असतं. वीस टक्के बॅटरी असेल तर तो म्हणणार, "सोलापुरातच लावू." ज्याला पुढे तुळजापूर, अक्कलकोट किंवा हैदराबादला जायचंय तो कदाचित मोहोळला थांबेल. उलट दिशेने सोलापुरातून फुल्ल करून निघालेला माणूस मोहोळला थांबणारच नाही, तो इंदापूर-भिगवणच्या आसपास थांबेल. म्हणजे रस्त्याची कुठली बाजू तुमची आहे, यावर तुमचा अर्धा धंदा ठरतो.

त्यात पालखी मार्गाची भर आहे. पंतप्रधानांनी ८ नोव्हेंबर २०२१ ला व्हिडिओ कॉन्फरन्सिंगद्वारे पायाभरणी केली तो संत ज्ञानेश्वर महाराज पालखी मार्ग दिवेघाटापासून मोहोळपर्यंत येतो. पंढरपूरकडे वळणारी गाडी आणि सोलापूरकडे सरळ जाणारी गाडी, दोन्ही आपल्या गावाजवळ येतात. ही मोहोळची खरी जमेची बाजू आहे. पण एकादशीची गर्दी बघून चार्जर घेऊ नका. हप्ता बाराही महिने भरायचा असतो, म्हणून श्रावणातल्या एखाद्या मंगळवारी दुपारी रस्त्यावर काय दिसतं ते बघा.

सरकारी धोरणातही आपण कुठे आहोत हे ओळखून राहा. राज्याच्या २०२१ च्या ईव्ही धोरणात चार्जिंग स्टेशनची उद्दिष्टं दिली होती: मुंबईला १,५००, पुण्याला ५००, नागपूरला १५०, सोलापूरला २०. जे चार मार्ग पूर्ण चार्जिंगयुक्त करायचे ठरले त्यात मुंबई-पुणे, मुंबई-नाशिक, नाशिक-पुणे आणि मुंबई-नागपूर होते, आपला रस्ता नव्हता. मे २०२५ च्या नव्या धोरणात महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय करायचं ठरलं आहे. म्हणजे लाट येतेय, पण पुण्यापेक्षा उशिरा. आपल्याला तयारीला मिळालेला हा वेळ आहे.

आणि स्पर्धक कोण आहे ते विसरू नका. मार्च २०२३ मध्ये केंद्राने तीन सरकारी तेल कंपन्यांना पेट्रोल पंपांवर ७,४३२ फास्ट चार्जिंग स्टेशनसाठी ८०० कोटी रुपये मंजूर केले. तुमच्या शेजारचा पंप अनुदानाच्या पैशावर चार्जर लावू शकतो आणि तुम्ही कर्जाच्या. दरात त्याच्याशी भांडून तुम्ही जिंकणार नाही. जेवण, सावली, स्वच्छ संडास आणि "या दादा, बसा" एवढ्यावरच जिंकाल.

"पण सर, जो आधी टाकेल तोच जिंकेल ना?"

हा मुद्दा मी उडवून लावत नाही. एकदा गाडीवाल्याला जागा माहीत झाली, ॲपवर चांगले रिव्ह्यू पडले की तो पुन्हा तिथेच थांबतो. आधी येणाऱ्याला फायदा असतो. पण या क्षेत्रात आधी येणाऱ्यांचं काय झालं त्याचा एक किस्सा माहीत असू द्या. २०१८ च्या सुमारास देशात "भारत डीसी-००१" नावाच्या १५ किलोवॅटच्या चार्जरचा बोलबाला होता, कारण तेव्हाच्या सरकारी ताफ्यातल्या महिंद्रा ई-व्हेरिटो आणि टाटा टिगोरला तोच प्लग बसायचा. २०२० मध्ये नेक्सॉन ईव्ही आली ती सीसीएस-२ प्लग घेऊन. मग बाकी कंपन्यांच्या गाड्याही तोच प्लग घेऊन आल्या. जुने चार्जर उभेच राहिले, त्यांना लावायला गाड्या उरल्या नाहीत. स्कूटरच्या फास्ट चार्जिंगमध्ये आजही सगळ्या कंपन्यांचा प्लग एक नाही.

यंत्र जुनं झालं तरी जमिनीखालचा पाइप, वाढवून घेतलेला भार, अर्थिंग आणि पार्किंगची आखणी जुनी होत नाही. कुठलाही चार्जर आला तरी ते लागणारच. म्हणून घाई करायचीच असेल तर त्यात करा. शेजाऱ्याला चार्जर टाकायला सहा महिने लागतील तेव्हा तुम्ही पंधरा दिवसांत टाकाल.

पाइप टाकणे म्हणजे नेमकं काय?

नवे गाळे, हॉटेल, कार्यालय बांधत असाल तर हा भाग मिस्त्रीला आणि वायरमनला वाचून दाखवा.

मीटर रूमपासून पार्किंगपर्यंत रुंद पाइप टाका. आज एक केबल जाणार असेल तरी उद्या दोन जातील एवढा. पेव्हर ब्लॉक किंवा काँक्रीट पडण्याआधी टाका, नंतर फोडायला दुप्पट जातात. पाइपच्या आत वायर ओढायला तार सोडून ठेवा आणि दोन्ही टोकं बंद करा, नाहीतर उंदीर आणि माती आधी आत जातात. मुख्य पॅनेलमध्ये चार्जिंगसाठी जागा मोकळी ठेवा. एक वेगळा अर्थिंगचा खड्डा घ्या. आपल्याकडे उन्हाळ्यात जमीन कोरडी पडते, त्यामुळे त्यात पाणी टाकायची सोय ठेवा. पार्किंगवर सावली पाहिजे. सोलापूरच्या मे महिन्यात उघड्यावरचा चार्जर आणि बॅटरी दोन्ही तापतात, आणि तापलं की चार्जिंग मंदावतं.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत काही साध्या गोष्टी आहेत. सॉकेट जमिनीपासून किमान ८०० मिलिमीटर उंच असावं. गाडी उभी केल्यावर तिची प्लगची जागा चार्जिंग पॉइंटपासून ५ मीटरच्या आत असावी. एक्स्टेंशन बोर्ड वापरायचा नाही. हा शेवटचा नियम भिंतीवर लिहून ठेवा! स्कूटर किंवा कार तीन-चार तास सलग वीज ओढते. पंख्याच्या बोर्डावरून काढलेली वायर आणि साधं सॉकेट त्यात वितळतं. प्रत्येक पॉइंटला वेगळी एमसीबी, ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी, तांब्याची योग्य जाडीची वायर आणि इंडस्ट्रियल सॉकेट वापरा. इथे पाचशे रुपये वाचवणारा माणूस गाळा जाळून घेतो.

व्यापारी संकुल बांधणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. केंद्राच्या आदर्श बांधकाम नियमावलीत २०१९ च्या दुरुस्तीने पार्किंगच्या २० टक्के जागेत चार्जिंगची तरतूद सुचवली आहे आणि राज्याच्या २०२१ च्या धोरणात व्यापारी इमारतींसाठी २५ टक्के म्हटलं होतं. परवानगीच्या नकाशातच आर्किटेक्टकडून ती जागा दाखवून घ्या. आणि गाळे विकताना करारात लिहा की चार्जिंगचा मीटर कोणाच्या नावावर, बिल कोण भरणार, पैसे कोणाकडे जमा होणार. बारा गाळेवाले आणि एक सॉकेट, हे भांडण कागद नसेल तर ठरलेलं आहे.

कंपनीबरोबर करार करताना

हायवेच्या हॉटेलवाल्याला माझा सल्ला असा: फास्ट चार्जर शक्यतो चार्जिंग कंपनीला तिच्या पैशाने टाकू द्या, तुम्ही जागा आणि ग्राहक द्या. हिस्सा कमी मिळेल, पण झोप शांत लागेल. सही करण्याआधी विचारा: विजेचं बिल आणि स्थिर आकार कोण भरणार? चार्जर बंद पडला तर किती तासांत माणूस येणार? जागा किती वर्षं अडकणार? त्या काळात दुसऱ्या कंपनीचा चार्जर लावता येईल का? कंपनी बंद झाली तर यंत्र कोण उचलणार? उत्तरं तोंडी नकोत, करारात पाहिजेत.

आणि जो माणूस "डीलरशिपसाठी आधी रजिस्ट्रेशन फी भरा" म्हणतो, त्याला एक रुपयाही पाठवू नका. मोठ्या कंपन्यांच्या नावाने बनावट वेबसाइट करून पैसे उकळण्याचे प्रकार होतात. कंपनीच्या अधिकृत नंबरवर स्वतः फोन करा, भेट घ्या, जागा बघायला माणूस येऊ द्या. जागा न बघता "अप्रूव्हल" देणारा माणूस चार्जर विकत नसतो.

या आठवड्यात करायची कामं

१. तीन दिवस सकाळ, दुपार, संध्याकाळ एकेक तास तुमच्या दारात बसा. किती गाड्या थांबतात, किती वेळ थांबतात, त्यात इलेक्ट्रिक (हिरवी नंबर प्लेट) किती, हे वहीत लिहा.

२. वीजबिलावरचा मंजूर भार बघा आणि तुमची डीपी किती केव्हीएची आहे ते लाइनमनला विचारा.

३. सब-डिव्हिजन ऑफिसला जाऊन चार्जिंग कनेक्शनचा दर आणि अंदाजे खर्च लेखी मागा.

४. बांधकाम चालू असेल तर आजच पाइप टाकून घ्या.

५. वरचा हप्त्याचा हिशोब स्वतःच्या आकड्यांनी मांडा. रोज किती गाड्या आल्या तर हप्ता निघतो हा एक आकडा काढा आणि तो पहिल्या वहीतल्या आकड्याशेजारी लिहा.

वहीत दिवसाला अर्धी हिरवी प्लेट आणि हप्त्याला सहा गाड्या लागत असतील, तर निर्णय झाला: पाइप टाका आणि थांबा. दर तीन महिन्यांनी पुन्हा मोजा. आकडा वाढत गेला की तुमची तयारी झालेलीच आहे, चार्जर पंधरा दिवसांत उभा राहील. वहीतला आकडा आजच चार-पाच असेल आणि हॉटेल चालतं असेल, तर मात्र वेळ घालवू नका, कंपनीला बोलवा.

हिशोब मांडताना कुठे अडलात तर तुमच्या बिलावरचा मंजूर भार आणि वहीतले आकडे पाठवा, पुढच्या व्हिडिओत दोन-तीन जागांचं गणित फळ्यावर करून दाखवतो. भेटू!